बाईंना होकार चालत नाही

रिबेकाबाई आक्षीकर यांची आणि माझी पहिली भेट पोह्यांवरून झाली. मी तेव्हा नुकताच पुण्याहून सिडनीला आलो होतो आणि हॅरिस पार्कमध्ये भाड्याच्या एका फ्लॅटमध्ये मित्रांबरोबर राहत होतो. खालच्या किराणा दुकानात एक ठेंगण्या बाई काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालत होत्या. "भैया, ये चिवडे का पोहा है. मेरे को भिगोनेवाला मंगता." मुलगा म्हणाला, "आंटी, सेम ही है." "सेम कैसा? भिगो के दिखाऊँ क्या?" आणि मग मान वळवून, कोणालाच उद्देशून नाही असे, स्वच्छ मराठीत, "जाडं-पातळं कळत नाही आणि दुकानं काढून बसतात!"

मला हसू आवरले नाही. बाईंनी लगेच पकडले. "मराठी का रे तू?"

"हो. पुण्याचा."

"मग हसतोस काय? वरच्या फळीवरची ती पिशवी काढून दे."

पोहे मलिद्यासाठी हवे होते. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वर फळे, असा हा मलिदा त्यांच्याकडे शुभकार्याला एलियाहू नबींच्या नावाने करतात, असे त्यांनी सांगितले. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून म्हणाल्या, "आम्ही ज्यू आहोत. बेने इस्राएल. अलिबागजवळच्या आक्षीचे." मी म्हणालो, "ज्यू? आणि इतकं छान मराठी?" त्यावर बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "का? मराठी काय तुमच्या एकट्याच्या घरची आहे?" आणि मी ओशाळलो, तसे लगेच, "रविवारी दुपारी चहाला ये. मलिदा खायला घालते."

त्या रविवारी दोन गाड्या बदलून मी बॉन्डायकडच्या त्यांच्या घरी पोहोचलो. दार उघडेच होते आणि आत कडाक्याचे भांडण चालले होते. "तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही!" हा बाईंचा आवाज. "तुला तेवढं फार कळतं! दाखव, कुठे लिहिलंय?" हा पुरुषाचा. मी आल्या पावली परत फिरणार, एवढ्यात बाईंचे पती, सॅमसनकाका, बाहेर आले आणि हसत म्हणाले, "अहो, चाललात कुठे? बसा. हे भांडण नाही, आमचं वाचन आहे." टेबलावर एकच पुस्तक उघडे होते. त्याच्या एका बाजूला काका बसत आणि समोर बाई.

ज्यू परंपरेत पवित्र ग्रंथ एकट्याने वाचत नाहीत, जोडीने वाचतात, हे मला त्या दिवशी कळले. या जोडीला हव्रूता म्हणतात. एकाने वाचायचे आणि अर्थ सांगायचा, दुसऱ्याने त्याला अडवायचे. हे इथेच का सांगितले? हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी का ठेवले? एवढे सांगितले आणि तेवढे का वगळले? पहिल्याने उत्तर दिले की त्या उत्तरावर पुन्हा हरकत घ्यायची. ज्याचे मत मागे पडले त्याचेही मत जपून ठेवतात, पुसत नाहीत. काही प्रश्न तर न सुटताच शतकानुशतके तसेच उभे आहेत आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. आमच्या शाळेत सरांना प्रश्न विचारला तर 'फार शहाणा झालास' असे ऐकावे लागे. इथे प्रश्न विचारला नाही तर ऐकावे लागत होते. मला गंमत वाटली आणि मी दर रविवारी जाऊ लागलो. सुरुवातीला मलिद्यासाठी आणि मराठी कानावर पडावे म्हणून, हेही सांगून टाकतो.

बाई मुंबईत भूमिती शिकवीत असत. सिडनीला आल्यावर त्यांनी एका वाचनालयात नोकरी केली आणि रविवारी दुपारी घराच्या पुढच्या खोलीत तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, वाचनाचा वर्ग सुरू केला. त्यांच्या समाजातली इथे वाढलेली मुले, कोणी नर्स, कोणी बसचालक, कोणी बँकेत, या वर्गाला येत. वर्ग इंग्रजीत चाले, पण राग आला की मराठीत. भूमिती मात्र सुटली नाही. कोणी सुंदर विचार मांडला की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले, "छान. आता सिद्ध कर." मी हिंदू, मला इथे बसायचा काय अधिकार, असे मी एकदा चाचरत विचारले. म्हणाल्या, "तू देवळात जातोस, जात राहा. इथे कोणी तुला काही मानायला सांगत नाहीये. इथे फक्त नीट वाचायचं."

नीट वाचायचे म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच घरातल्या उदाहरणावरून शिकवले. त्यांच्या परंपरेत अर्थाचे चार थर मानतात. पशात म्हणजे सरळ अर्थ, रेमेझ म्हणजे त्यातली खूण, द्राश म्हणजे खणून काढलेला अर्थ आणि सोद म्हणजे गुपित. मला ही नावे पाठ होईनात. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, "जेवलास का?" फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "हे घे. पशात काय? मुलगा जेवला की नाही, एवढंच. रेमेझ? मागच्या वेळी व्हिडिओवर तू वाळलेला दिसलास. आता द्राश कर. त्याच्या आधी काय बोलली ती?" मी आठवून सांगितले, "शेजारचे काका-काकू मुलाकडे अमेरिकेला गेले, म्हणाली." "आणि लगेच जेवलास का? मग ही दोन वाक्यं शेजारी का आली?" मी फोनकडे पाहिले. "आणि सोद?" मी विचारले. "ते तुझी आई तुला सांगणार नाही. त्याला सोद म्हणतात." त्याच आठवड्यात मी आईच्या व्हिजिटर व्हिसाच्या मागे लागलो.

बाईंचा जिव्हाळा कसा असतो तेही इथे लिहायला हवे, कारण बोलण्यावरून तो कळत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने आडवा झालो होतो. बाई आणि काका दोन गाड्या बदलून हॅरिस पार्कला आले, मुगाचे कढण घेऊन. ज्यू घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असतात. बाईंच्या घरी त्या दिवसापासून तिसरे एक भांडे आले, माझ्या शाकाहाराचे. स्टीलचे, कडीचे. "हे याचं," असे त्या घरातल्या सर्वांना बजावतात. पुढे मी सिडनीतच केलीव्हिलला घर घेतले, संसार झाला, केस पिकले. ते भांडे अजून त्याच फळीवर आहे आणि त्यात दुसरे काही शिजत नाही.

मग सॅमसनकाका आजारी पडले. शेवटच्या वर्षात त्यांना पुस्तक हातात धरवत नसे. पलंगावर डोळे मिटून पडलेले असत आणि बाई वाचून दाखवीत. बाईंनी अर्थ सांगितला की मिटल्या डोळ्यांनीच म्हणत, "नाही पटत, रिबेका. मागे जा, परत वाच." बाई चिडत, मागे जात, परत वाचत. त्या दिवसांत एकदा चहा गाळता गाळता बाई मला म्हणाल्या, "डोळे उघडे असताना इतकं चांगलं कधी वाचलं नाही यांनी."

काका गेले. सुतकाचे दिवस सरल्यावर बाईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. आम्ही सगळे वेळेवर हजर राहू लागलो, आणि सगळे एकदम शहाण्यासारखे वागू लागलो. बाईंचे दुःख ताजे, त्यांच्याशी वाद कोण घालणार? बाईंनी काही सांगितले की जोएल, जो प्लंबर आहे आणि एरवी वर्गातला सर्वांत द्वाड, तो म्हणे, "यप, टोटली, आंटी." मी म्हणे, "बरोबर आहे, बाई." मोठ्यांपुढे मान डोलवायची, हे आमच्या अंगी लहानपणापासून मुरलेले. आम्हाला वाटत होते की आम्ही त्यांना जपतो आहोत.

एका रविवारी बाईंनी वाचता वाचता पुस्तक मिटले आणि एक जुनी गोष्ट सांगितली. दोन अभ्यासू होते, जन्मभराचे हव्रूता. त्यांतला एक वारला. दुसरा खचला. म्हणून लोकांनी त्याच्यासाठी एक मोठा विद्वान सोबती आणून बसवला. हा विद्वान प्रत्येक वाक्याला म्हणे, 'तुमचं बरोबर आहे, याला अमुक पुरावा आहे.' शेवटी तो म्हातारा ओरडला, 'माझं बरोबर आहे हे मला माहीत नाही का? माझा मित्र हरकतींवर हरकती काढायचा. त्यांना उत्तरं देता देता अर्थ वाढायचा. तू कशाला आलास?' गोष्ट सांगून बाई म्हणाल्या, "तो म्हातारा पुढे वेडा झाला. मला नाही व्हायचं. पुढच्या रविवारी येऊ नका."

जोएल म्हणाला, "नो वरीज, आंटी. टेक योर टाइम." बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो बिचारा बुटांची नाडी बांधायला खाली वाकला. त्यानंतर कित्येक महिने वर्ग बंद होता. फोन केला की बाई बोलत, पण पुस्तकाचा विषय काढला की 'दूध उतू जातंय' म्हणून ठेवून देत.

त्याच सुमारास माझ्या आईचे येणे एकदाचे जमले आणि ती तीन महिन्यांसाठी इथे आली. आई बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली. धर्मग्रंथांशी तिचा संबंध चातुर्मासापुरता. 'त्या बाईंना भेटायचंय' म्हणून तिनेच हट्ट धरला आणि मी तिला घेऊन गेलो. दोघी पोह्यांवर, गुडघ्यांवर आणि सुनांवर मनसोक्त बोलल्या. मग आईने सहज विचारले, "तुमच्या पुस्तकात काय असतं हो?" बाईंनी जरा कुरकुरतच पुस्तक काढले आणि तिला एक कथा मराठीत सांगितली. एका वृद्ध बापाला देव सांगतो, तुझा लाडका मुलगा मला अर्पण कर. बाप पहाटे उठतो, लाकडे फोडतो, मुलाला घेऊन डोंगराकडे निघतो. शेवटच्या क्षणी देव त्याचा हात थांबवतो आणि मुलगा वाचतो. या साऱ्या कथेत आईचे नावही नाही. आणि पुढचे प्रकरण सुरू होते तेच तिच्या मृत्यूने. "हे दोन प्रसंग शेजारी का?" बाई म्हणाल्या. "जुने लोक सांगतात, डोंगरावर काय चाललंय हे तिच्या कानावर गेलं आणि त्या धक्क्याने तिचा जीव गेला. तोपर्यंत तिला काहीच ठाऊक नव्हतं."

मी सवयीने मान डोलावली. आई म्हणाली, "छे! मला नाही पटत."

बाईंचा कप हवेतच थांबला. "काय नाही पटत?"

"तिला ठाऊक नव्हतं, हे. पहाटे लाकडं फोडली म्हणता ना? लाकडं फोडायचा केवढा आवाज होतो! घरातली बाई झोपून राहील होय? ती जागी होती. तिला सगळं कळलं होतं."

"मग तिने अडवलं का नाही?"

"ते मला काय विचारता? तुमच्या पुस्तकाला विचारा."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "अहो, पण मग ती मेली कशाने? कळलं तेव्हा नाही मेली, आणि मुलगा सुखरूप वाचल्यावर मेली? सिद्ध करा!"

"करते की. आधी मला ते पहाटेचं परत वाचून दाखवा."

त्या दुपारी मी चहा तीनदा केला. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिले नाही. बाईंचा आवाज चढत होता, गाल लाल झाले होते, त्या टेबलावर हात आपटत होत्या. किती महिन्यांनी त्यांना असे पाहत होतो, आणि मला रडू येत होते. निघताना बाईंनी आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमचं चुकतंय. रविवारी या, दाखवते कुठे ते."

परतीच्या ट्रेनमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू ऑस्ट्रेलियाचं आम्हाला सांगितलंस ना, त्याच्या आधीच मला माहीत होतं. पहाटे माळ्यावरून मोठी बॅग काढलीस. मी जागी होते." मी विचारले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "जेवणाचा डबा राहिला की काय बाईंकडे?" आणि पिशवी चाचपू लागली. सोद कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी नीट समजले.

वर्ग पुढच्याच रविवारी सुरू झाला. आई पुण्याला परतली, पण आजही फोनवरून अधूनमधून हरकत पाठवते आणि बाई तिला उत्तर पाठवतात. त्या लाकडांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आम्ही बाकीचे हळूहळू धीट झालो. जोएल तर आता सुरुवातच "नाह, आंटी, नॉट बायिंग इट" अशी करतो. मलाही शेवटी पहिली हरकत घेता आली. बाईंनी ती एका वाक्यात उडवून लावली आणि माझ्या ताटलीत मलिद्याचा आणखी एक चमचा वाढला.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा रीतसर गौरवलेख झाला असता. पण वर्गातल्या आपणा सर्वांना ठाऊक आहे की बाईंनी गेल्या महिन्यात एक निर्णय जाहीर केला. त्यांची नजर आता फार अधू झाली आहे, भिंगातूनही अक्षर लागत नाही. त्यांची मुलगी नाओमी पर्थला असते. ती आली होती, आणि वर्गासमोरच म्हणाली, "ममी, यू कान्ट लिव्ह अलोन एनीमोर." बाई म्हणाल्या, "जाते मी पर्थला. या वर्षीचं वाचन संपलं की वर्गही संपला. जिला पान दिसत नाही तिने शिकवू नये." त्यावर आपण सगळे काय बोललो? कोणी म्हणाले, 'योग्य आहे.' कोणी म्हणाले, 'आता आराम करा.' मीसुद्धा मान डोलावली. सगळ्यांना वाईट वाटत होते आणि सगळे आदराने होकार देत होते. बाई आमच्या चेहऱ्यांकडे वळून वळून बघत होत्या. त्यांना चेहरे दिसत नाहीत. मग त्या कशाची वाट पाहत होत्या, हे मला घरी पोहोचल्यावर कळले.

म्हणून, बाई, आपल्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात, सर्वांच्या साक्षीने, मी हरकत घेतो.

पर्थला जाण्याला नाही. लेकीकडे आपण जरूर जा. नाओमीचे बरोबर आहे, आणि हे मी भिडेखातर म्हणत नाही. माझी हरकत वर्ग संपवण्याला आहे. आपण म्हणता, पान दिसत नाही तिने शिकवू नये. पण सॅमसनकाकांनी डोळे मिटून जितके चांगले वाचन केले, तितके आधी कधी केले नव्हते, हे कोण म्हणाले होते? चहा गाळत होतात, मी समोर उभा होतो. तेव्हा वाचून कोणी दाखवायचे हा प्रश्न नव्हता, आपण होतात. आता मी आहे. जोएल आहे. पर्थचे घड्याळ आमच्या मागे चालते, तेव्हा आमची रविवारची दुपार ती तुमची जेवणाची वेळ होईल, एवढीच अडचण. फोन टेबलावर उभा करून ठेवायला नाओमी तयार आहे. मी विचारले आहे.

दुसरा पुरावा आपल्याच पद्धतीचा. आपण म्हणता, या वर्षीचे वाचन संपले की संपले. पण वर्षाच्या शेवटी ज्या दिवशी तोराचा अखेरचा भाग वाचतात, त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पुन्हा पहिला भाग वाचायला घेतात. मध्ये एक दिवसाचीही फट ठेवत नाहीत. हे दोन भाग शेजारी-शेजारी का ठेवले, बाई? पशात सांगू नका, तो मला येतो.

आमच्याकडे पंचाहत्तरी झालेल्या माणसाला 'शतायुषी व्हा' म्हणतात. आपल्याकडे 'एकशे वीस वर्षांपर्यंत' म्हणतात. या वीस वर्षांच्या फरकावर माझी काही हरकत नाही, आपल्याकडचीच मोजणी धरू या. प्रकृती सांभाळा, गुडघ्यांचे औषध चुकवू नका, आणि सामान बांधताना ते कडीचे भांडे विसरू नका. मी पर्थला येणार आहे.

हे सारे आपल्याला कोणीतरी वाचून दाखवील. ऐकून आपल्याला राग येईल, आपण म्हणाल, "याला काही म्हणजे काही कळत नाही." तसेच म्हणा, बाई. रविवारी मी पुस्तक उघडून आपल्यासमोर बसलेला असेन. माझे कुठे चुकते ते दाखवा.